क्यूबन काळा राजमा नेमका कुठे बिघडतो?

दहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा आतून कचकचीत. शिजलाच तर पाणी एकीकडे, राजमा एकीकडे. फोटोत काळाभोर दिसलेला पदार्थ आपल्या पातेल्यात मळकट राखाडी. आणि एवढा खटाटोप करून चव लागते ती नेहमीच्या राजमा मसाल्याची. क्यूबन पद्धतीचे फ्रिहोलेस नेग्रोस घरी करणाऱ्यांच्या तक्रारी या चारांच्या फार पलीकडे जात नाहीत. पण त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे एक सोडवायला गेलं की दुसरी उभी राहते. दाणा शिजावा म्हणून सोडा घातला की चव जाते. पोटात वात धरू नये म्हणून भिजवणीचं पाणी ओतून दिलं की रंग जातो.

माझ्या मते यातल्या बहुतेक भानगडी जिन्नसांमुळे होत नाहीत, क्रमामुळे होतात. हवानाच्या घरांत हे काम तीन टप्प्यांत चालतं. आधी नुसता राजमा मऊ करायचा. तो पुरता मऊ झाल्यावर त्यात सोफ्रितो घालायचा, म्हणजे तेलात मंद आचेवर परतलेला कांदा, हिरवी ढोबळी मिरची आणि लसूण. आणि आंबट अगदी शेवटी. आपला हात नेमका इथे उलटा चालतो. आपण मसाला आधी परततो, त्यात टोमॅटो गाळ होईपर्यंत शिजवतो, वर भिजवलेलं कडधान्य टाकतो आणि झाकण लावून मोकळे होतो. छोल्यांना ते कसंबसं चालून जातं. हा राजमा मात्र ऐकत नाही.

त्याआधी पिशवीत काय आलंय ते बघून घ्या. बाजारात ‘काळा राजमा’ किंवा ‘ब्लॅक बीन्स’ म्हणून मिळतो तो हवा. दाणा साधारण एक सेंटिमीटरचा, लांबट, काळा, कडेला पांढरा बारीक डोळा. दाणा फोडला तर आत मलईचा पांढरा रंग दिसायला हवा. भिजवल्यावर पाणी जांभळट होतं. नावं सारखी वाटतात म्हणून काळे वाटाणे किंवा अख्खे उडीद आणून प्रयोग करणारे असतात. त्यांचा पदार्थ चांगला होईलही, पण हा होणार नाही. आपला चित्रा राजमा आणि हा काळा एकाच जातीचे, त्यामुळे खाली शिजण्याबद्दल जे लिहिलंय ते सगळं त्यालाही लागू पडतं.

दाणा शिजत नाही

पहिला प्रश्न: भिजल्यावर सगळे दाणे फुगले का? रात्रभर भिजवूनही काही दाणे मूळच्या आकाराचे, गुळगुळीत आणि नखाला दगड लागतात. ते गणंग. फार कोरड्या जागी राहिल्याने त्यांची साल पाणीच आत घेत नाही. सरळ वेचून टाका. कुकरमध्ये ते शिजतील या आशेवर बाकीच्यांचा लगदा करू नका.

पण सगळे दाणे छान फुगले आणि तरीही शिजेनात, तर राजमा जुना आहे. नुसता जुना नव्हे, उष्ण आणि दमट जागी जुना झालेला. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. शिजणं म्हणजे हे पेक्टिन विरघळून पेशी सुट्या होणं. ताज्या दाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरंचसं फायटिक आम्लाने धरून ठेवलेलं असतं. उष्ण, दमट साठवणीत ते आम्ल हळूहळू फुटतं, ही खनिजं मोकळी होतात आणि जाऊन पेक्टिनला आवळून बसतात. मग कितीही उकळा, पेशी सुटत नाहीत. कोकणात किंवा मुंबईत एक पावसाळा डब्यात काढलेला राजमा म्हणूनच त्रास देतो. वाण्याकडे पिशवीवरची पॅकिंगची तारीख बघून काही कळत नाही, कारण पॅक करण्याआधी तो माल गोदामात किती पडून होता ते त्यावर नसतं. जिथे खप जास्त त्या दुकानातून घ्या आणि लागेल तेवढाच घ्या.

बोअरचं जड पाणी हा त्याच गोष्टीचा दुसरा चेहरा. तिथे कॅल्शियम बाहेरून येतं. चहाच्या भांड्यात पांढरा थर धरत असेल तर राजम्याला फिल्टरचं पाणी वापरा, भिजवायलाही आणि शिजवायलाही. नुसतं शिजवणीचं पाणी बदलून भागत नाही, रात्रभरात दाण्याने जे प्यायचं ते पिऊन झालेलं असतं.

तिसरं कारण आंबट. टोमॅटो, व्हिनेगर, वाइन, लिंबू यांच्या आम्लात पेक्टिन विरघळायला तयार नसतं. अर्धवट शिजलेल्या राजम्यात टोमॅटो पडला की तो त्या क्षणी जिथे आहे तिथेच थांबतो. पुढचा दीड तास गॅस जाळून फरक पडतो तो नावापुरता. मूळ क्यूबन पद्धतीत काळ्या राजम्यात सहसा टोमॅटो नसतोच, त्यामुळे हा प्रश्न तिकडे येतो फक्त व्हिनेगर आणि वाइनपुरता.

मिठाला मात्र उगाच बदनाम केलंय. मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही हे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत, पण भिजवणीत मीठ असलं तर उलट फायदाच होतो. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ होते, फाटतही कमी. पाव किलो राजमा, सव्वा लिटर पाणी, चहाचा दीड चमचा मीठ, आठ ते बारा तास. उन्हाळ्यात हे फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर सकाळी फेस आणि आंबूस वास. याच पाण्यात शिजवायचं, आणि पुढे चाखल्याशिवाय मीठ घालायचं नाही.

सोडा हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. राजमा जुना असल्याची खात्री असेल तर पाव किलोला चहाचा पाव चमचा खाण्याचा सोडा शिजवणीत घाला. त्याच्या अल्कलीने पेक्टिन भराभर सुटतं. त्याहून जास्त पडला तर साबणाची चव येते, साल विरघळून जाते आणि बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. ताज्या राजम्याला सोडा घालणं म्हणजे निव्वळ घाबरटपणा.

आता कुकर. क्यूबन पदार्थ आहे म्हणून मातीच्या भांड्यात तीन तास उकळत बसायला हवा असा एक रोमँटिक समज आहे. क्यूबात प्रेशर कुकर घरोघरी आहे. 8 मार्च 2005 ला, महिला दिनाच्या भाषणात, फिदेल कास्त्रोंनी सरकारतर्फे महिन्याला एक लाख प्रेशर कुकर वाटण्याची घोषणा केली होती. वीज आणि इंधन वाचवणं हा त्यामागचा हेतू. राजमा तिकडे रेशनच्या वहीवर मिळणारा माल, रोजच्या जेवणातला. रोज त्याच्यापाशी तीन तास कोण बसणार?

शिट्ट्या मोजणं मात्र सोडा. शिट्टी किती वेळाने होते हे आच, पाणी आणि कुकरच्या आकारावर ठरतं, त्यामुळे एकीच्या सहा शिट्ट्या म्हणजे दुसरीच्या दहा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ लावा. भिजवलेला ताजा राजमा 15 ते 20 मिनिटं, न भिजवलेला 35 ते 40. मग वाफ आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून फस्सकन वाफ काढली तर आतलं पाणी एकदम उसळतं आणि साली फाटतात. कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, कारण राजम्याला फेस येतो आणि सुटलेल्या साली वाफेच्या भोकात जाऊन बसतात. चमचाभर तेल घातलं तर फेस आटोक्यात राहतो.

झाला की नाही हे एका दाण्यावरून ठरवू नका. वरून, मधून आणि तळातून मिळून पाच दाणे घ्या, थोडे निवू द्या, जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबा. पाचही दात न लावता विरघळले पाहिजेत. एकाच्याही मध्ये पिठूळ, कोरडा गाभा लागला तर पुन्हा पाच मिनिटं दाबाखाली. बोटचेपा झालाय म्हणजे झाला, असं इथे चालत नाही. बोटाने चेपणारा दाणासुद्धा आत कच्चा असू शकतो, आणि पुढे सोफ्रितो व व्हिनेगर पडल्यावर तो तसाच राहणार.

स्लो कुकर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट गंभीरपणे. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. तांबड्यात सर्वाधिक, काळ्यात कमी, पण असतं. ते मोडायला खळखळून उकळी लागते, आणि स्लो कुकरच्या कमी तापमानाला ते मोडत नाही. त्यामुळे आधी गॅसवर किमान दहा मिनिटं खळखळ उकळा आणि मगच त्यात ओता. प्रेशर कुकरमध्ये हा प्रश्न येत नाही.

शिजला, पण मिळून येत नाही

ही तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. राजमा मऊ आहे, चव बरी आहे, पण वाढल्यावर काळं पाणी भाताखाली पळतं आणि दाणे वर उघडे पडतात. क्यूबन राजम्याला अंगाबरोबर दाट रस हवा, पळी बाहेर काढल्यावर तिच्या पाठीवर थर राहील इतका. त्या थरावरून बोट फिरवलं तर रेघ तशीच राहिली पाहिजे.

इथे लोक पटकन कॉर्नफ्लॉवर किंवा बेसन कालवून ओततात. गरज नाही, दाटपणा राजम्याच्याच पोटात आहे. फक्त तो बाहेर काढावा लागतो. कुकर उघडल्यावर दाणे अख्खे असतात आणि त्यांचा स्टार्च आतच अडकलेला. सोफ्रितो तयार झाला की त्याच कढईत शिजलेल्या राजम्याची एक वाटी थोड्या पाण्यासकट घाला आणि पळीच्या पाठीने किंवा डाळ घोटायच्या रवीने तिथल्या तिथे चेचा. तेल, कांदा, मिरची आणि राजमा यांचा काळपट, चकचकीत गोळा होतो, तेल दिसेनासं होतं. तो गोळा मोठ्या पातेल्यात परत ढवळा. हे पिठल्याइतकं घट्ट प्रकरण पाण्यात पसरलं की सगळा रस एका जीवाचा होतो. सगळा राजमा ब्लेंडरने फिरवू नका. मग ते सूप होतं, आणि सालींचा चुरा जिभेवर येतो.

यानंतर झाकण न लावता मंद आचेवर 20 ते 30 मिनिटं. बुडबुडे पाण्याचे असतात तेव्हा पटापट फुटतात. रस मिळून आला की ते जाड होतात, हळूहळू वर येऊन ‘पुक्’ करतात आणि शिंतोडे उडवतात. तो आवाज आला की दर दोन मिनिटांनी तळापासून ढवळायचं, कारण आता लागायला वेळ लागत नाही. खाली लागलंच तर खरवडू नका, वरचं वर दुसऱ्या पातेल्यात काढून घ्या.

घाई नसेल तर यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आज करून उद्या खाणं. क्यूबात अशा राजम्याला फ्रिहोलेस दोर्मिदोस म्हणतात, झोपलेला राजमा. रात्रभर गार पडल्यावर स्टार्च घट्ट धरतो आणि लसूण-जिऱ्याचा भडकपणा बसतो. दुसऱ्या दिवशी तो इतका दाट होतो की अर्धी वाटी गरम पाणी घालून सैल करावा लागतो. पाहुणे येणार असतील तर मी हा पदार्थ त्याच दिवशी करायच्या भानगडीत पडत नाही.

राखाडी रंग

काळा रंग अँथोसायनिनचा, जो जांभळात आणि लाल कोबीत असतो. तो फक्त सालीत असतो आणि पाण्यात विरघळतो. भिजवणीचं जांभळं पाणी ओतलं, मग धुतलं, मग कुकरचं पाणीही ‘फार झालं’ म्हणून काढलं, तर उरतो तो मळकट तपकिरी राजमा. क्यूबात बऱ्याच घरांत राजमा आधी निवडून, नीट धुऊन मग भिजवतात आणि त्याच पाण्यात शिजवतात. काही जणी भिजवतानाच अर्धी ढोबळी मिरची पाण्यात सोडतात.

पण मग वाताचं काय? खरं आहे, भिजवणीच्या पाण्यात वात करणाऱ्या शर्करेचा काही भाग उतरतो आणि तो ओतला की थोडा फरक पडतो. दोन्ही एकत्र मिळत नाहीत, हे मान्य करून निवड करा. लहान मुलं, वयस्कर मंडळी जेवायला असतील तर पाणी ओता, रंगाचा हट्ट सोडा. आणि ओतलंत तर मिठाचा हिशेबही पुन्हा मांडा.

सोड्याने रंग निळसर काळा होतो, व्हिनेगरने किंचित लालसर. शेवटच्या व्हिनेगरने रंग जरा उघडल्यासारखा वाटला तर घाबरू नका, तसाच असतो तो.

चव आपल्याच राजम्याची

इथे दोष मसाल्याच्या डब्याचा. क्यूबन जेवण तिखट नसतं. हिरवी मिरची नाही, लाल तिखट नाही, आलं नाही, गरम मसाला तर नाहीच. तिकडे काचुचा नावाची छोटी मिरची घालतात, पण तीही वासापुरती. आपल्याकडे हिरवी ढोबळी पुरे, आणि ती कोथिंबिरीसारखी शोभेला घालायची नसून कांद्याइतकीच घ्यायची. पाव किलो राजम्याला एक मध्यम कांदा, एक ढोबळी, पाच-सहा लसूण पाकळ्या, चार मोठे चमचे तेल.

सोफ्रितो परतताना हात आवरावा लागतो. आपल्याला कांदा लाल झाल्याशिवाय चैन पडत नाही. इथे तो लाल करायचा नाही. बारीक आचेवर 12 ते 15 मिनिटं, कांदा पारदर्शक आणि ढोबळी लोळागोळा होईपर्यंत, बस. जिऱ्याची फोडणी देऊ नका. लसूण, मीठ आणि जिरेपूड खलबत्त्यात एकत्र कुटा आणि ढोबळी मऊ झाल्यावर घाला. अख्खं जिरं तडतडलं की वास थेट वरणाकडे जातो. जिरेपूड चहाचा अर्धा ते पाऊण चमचा, वाळलेलं ओरेगानो अर्धा. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या साठवलेल्या असतात, त्या इथे सत्कारणी लागतात, पण वास घेऊन बघा, जुन्या पुड्यांत बहुधा काहीच उरलेलं नसतं.

आणखी एक लपलेला चोर म्हणजे तमालपत्र. पाककृतीतलं ‘बे लीफ’ लॉरेलचं असतं, पानाच्या मध्ये एकच शीर. आपल्या तमालपत्रावर देठापासून टोकापर्यंत तीन उभ्या शिरा असतात आणि त्याचा वास दालचिनीकडे झुकतो. एक अख्खं पान कुकरमध्ये गेलं की पुलावाची आठवण येणारच. लॉरेल मिळालं तर उत्तम, नाहीतर सरळ वगळा.

उलट दिशेने होणारी गल्लतही असते. कोथिंबीर, लिंबू, हालापेन्यो मिरची पडले की तो मेक्सिकोकडचा राजमा. क्यूबातसुद्धा पूर्वेला, सांतियागोकडे, भातात तांबडा राजमा शिजवून काँग्री करतात. काळा राजमा मुख्यतः हवाना आणि पश्चिमेचा. दोन-तीन व्हिडिओ बघून प्रत्येकातलं थोडं थोडं उचललं की कुठलाच धड होत नाही.

शेवटची दहा मिनिटं या पदार्थाची खरी ओळख ठरवतात: दोन चहाचे चमचे व्हिनेगर, दोन मोठे चमचे ड्राय व्हाइट वाइन, एक-दोन चहाचे चमचे साखर. तिकडे वापरतात ती स्वयंपाकाची वीनो सेको खारवलेली असते. परदेशात ती बाटली मिळाली तर मीठ त्या मानाने कमी करा. इथे नाशिककडची कुठलीही साधी ड्राय व्हाइट चालते. गोव्याची पोर्ट गोड असते, ती नको. वाइन घरात चालत नसेल तर व्हिनेगर थोडं वाढवा. वाण्याकडचं सिंथेटिक व्हिनेगर नाकात जातं, तेव्हा गोव्याचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर मिळवा. त्याचा आंबटपणा गोलसर असतो आणि या राजम्याला तो फार शोभतो. गॅस बंद केल्यावर वरून एक मोठा चमचा कच्चं ऑलिव्ह तेल, झाकण, दहा मिनिटं शांतता.

उरलेल्या किरकोळ गोष्टी. खारट झाला तर बटाटा टाकून काही होत नाही, बिनमिठाचा शिजवलेला राजमा घरात असेल तर तो मिसळा, नाहीतर कोऱ्या भाताबरोबर खपवा. आंबट झाला तर चिमूटभर साखर. डबाबंद, शिजवलेला राजमा वापरत असाल तर त्याचं काळं पाणी ओतू नका, पण डब्यावर कॅल्शियम क्लोराइड लिहिलंय का बघा. ते दाणा टणक ठेवायलाच घातलेलं असतं, त्यामुळे तो चेचायला जास्त जोर लागतो.

मोरोस इ क्रिस्तियानोस, म्हणजे याच राजम्यात शिजवलेला भात, गिचका होत असेल तर तांदूळ बदला. आंबेमोहोर, इंद्रायणी इथे कामाचे नाहीत. जुना, लांब दाण्याचा तांदूळ न भिजवता सोफ्रितोच्या तेलात परता आणि एका वाटीला राजम्याचं दीड वाटी पाणी मोजून घाला. मोजून म्हणजे दाणे बाजूला काढून, नुसतं पाणी. दाण्यांसकट वाटी भरली तर पाणी कमी पडतं, मग वरून ओतलं जातं, आणि तिथेच गिचका होतो.

मऊ केलेला राजमा, सोफ्रितो न घालता, आपल्याच पाण्यात बुडवून फ्रीझरमध्ये ठेवता येतो. पाण्याबाहेर राहिलेले दाणे सुरकुततात आणि साल सोडतात, तेवढं बघा. काढल्यावर थेट सोफ्रितोत घातला तरी चालतो, पण बर्फ पूर्ण वितळल्याशिवाय चेचायला घेऊ नका.